पोरगं पळतंय छान, पण चेंडू त्याला मिळणार किती वेळा?

पत्र:

काकू, सा. न. वि. वि.

मी मूळचा सांगलीचा, गेली नऊ वर्षं अमेरिकेत, बॉस्टनजवळ फ्रॅमिंगहॅमला राहतो. ऑफिसात आमची बारा जणांची फँटसी फुटबॉल लीग आहे (अमेरिकन फुटबॉलची, एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडूंवर), हाफ पीपीआर. माझं हे तिसरं वर्ष. गेल्या वर्षी शेवटचा आलो आणि नियमाप्रमाणे एक अख्खा दिवस जेट्सची जर्सी घालून ऑफिसात बसलो. आमच्या इथल्या पेट्रियट्स संघाच्या माणसाला शत्रू संघाची जर्सी घालण्याहून मोठी शिक्षा नाही.

यंदा ८ ऑगस्टला (२०२५) मुलाला घेऊन फॉक्सबरोच्या जिलेट स्टेडियमला पेट्रियट्सचा प्रीसीझनचा, म्हणजे हंगामाआधीचा सरावाचा, सामना बघायला गेलो होतो. वॉशिंग्टनने किकऑफ मारला आणि आमच्या नव्या रनिंग बॅकने, ट्रेव्हेयॉन हेंडरसनने, तो पहिलाच चेंडू थेट १०० यार्ड पळवत नेला. मुलगा माझ्या खांद्यावर उभा राहून ओरडत होता. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. आमचा ड्राफ्ट १ सप्टेंबरला संध्याकाळी आहे, माझा नंबर सातवा. हेंडरसनला चौथ्या फेरीत उचलावं आणि पहिल्या रविवारपासून दुसरा रनिंग बॅक म्हणून खेळवावं असं ठरवलंय. बायको म्हणते, तुला तो खेळाडू आवडलेला नाही, तो दिवस आवडलाय. (त्याच १ तारखेला घरी गौरीपूजन आहे, तो वाद वेगळा.) तुम्ही काय म्हणता?

— जर्सीचा जखमी

उत्तर:

अरे जखमी,

आधी तुझ्या बायकोला माझा नमस्कार सांग. तिने एका वाक्यात जे ओळखलं, ते लिहायला मला आता दोन-तीन पानं लागणार आहेत.

ज्यांना या पत्रातलं अक्षरही कळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तिकडे भारतात ड्रीम इलेव्हनवर टीम लावायचे ती एका सामन्यापुरती. इथली लीग हंगामभर चालते. ड्राफ्टच्या दिवशी आळीपाळीने खेळाडू निवडायचे, एक खेळाडू एकाच मालकाचा, आणि मग दर आठवड्याला आपल्या पंधरा-सोळा जणांपैकी कोणाला ‘खेळवायचं’ नि कोणाला बेंचवर बसवायचं ते ठरवायचं. रनिंग बॅक म्हणजे क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) हातून चेंडू घेऊन माणसांच्या भिंतीत घुसणारा गडी. दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की) सहा, आणि हाफ पीपीआर असेल तर झेललेल्या प्रत्येक पासला वर अर्धा. एवढं पुरे.

आता तुझं ते १०० यार्डांचं धावणं. मी पण पाहिलं, तीनदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा आवाज बंद करून पाहिलं. आवाज बंद केला की बऱ्याच गोष्टी दिसतात. एक म्हणजे २०२४ पासून किकऑफची मांडणीच बदलली आहे. अडवणारे आणि पळवणाऱ्याचे साथीदार जवळजवळ समोरासमोर उभे असतात, मधे एखादी फट पडली आणि पळवणाऱ्याला ती दिसली की पुढे मोकळं रान. हेंडरसनला ती फट दिसली, तो तिच्यातून वाऱ्यासारखा गेला, हे खरंच. पण पहिल्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यातला प्रत्येक एक डाउन) क्वार्टरबॅकच्या पाच यार्ड मागे उभं राहून तीनशे पौंडांच्या माणसांमधून वाट काढणं हे वेगळं काम आहे. दुसरं, प्रीसीझनला किकऑफच्या मागे धावणारे बहुतेक जण नोकरी वाचवायला आलेले असतात. येत्या मंगळवारी, २६ तारखेला, प्रत्येक संघ ९० वरून ५३ वर येणार आहे. त्या रात्री त्याच्यामागे धावलेल्यांपैकी किती जण बुधवारी कामावर असतील, तूच सांग. आणि तिसरं अगदीच रुक्ष: किक परतवलेल्या यार्डांना बहुतेक लीगमध्ये शून्य गुण असतात. तुमच्या लीगचे नियम उघडून बघ.

हा ऑगस्टचा ताप जुना आहे. २०१५ मध्ये डेट्रॉइटने एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत अमीर अब्दुल्ला नावाचा चपळ, लहान चणीचा रनिंग बॅक घेतला. पहिल्याच प्रीसीझन सामन्यात त्याने दोन-चार अशा कोलांट्या दिल्या की फँटसी ड्राफ्टमध्ये त्याचा भाव रातोरात चढला. किकही तोच परतवायचा. त्या हंगामात त्याने धावून ५९७ यार्ड काढले आणि दोन टचडाउन. मुलगा वाईट नव्हता, नंतर बरीच वर्षं लीगमध्ये टिकला. पण ज्यांनी त्याला ऑगस्टच्या भावात घेतलं त्यांच्या टीमचं काय झालं असेल ते समजून घे.

म्हणून तरुण रनिंग बॅक बघताना मी पायांकडे सगळ्यात शेवटी बघते. एनएफएलमध्ये दुसऱ्या फेरीत निवडला गेलेला मुलगा पळतो चांगलाच, ते गृहीत धरायचं. प्रश्न असतो कामाच्या वाटणीचा. त्या संघात आठवड्याला साधारण पंचवीसेक वेळा चेंडू रनिंग बॅकच्या हातात जाणार, त्यातले याच्या वाट्याला किती? आणि ते कुठले?

अटलांटाच्या बिजन रॉबिन्सनचं उदाहरण घे. २०२३ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये आठवा निवडलेला, टेक्सस विद्यापीठाचा, गुणवत्तेबद्दल कोणाच्याही मनात शंका नाही. पहिल्या वर्षी प्रशिक्षक आर्थर स्मिथ यांनी त्याला २१४ वेळा चेंडू दिला आणि टायलर अल्जियरला १८६ वेळा. बिजनचे धावून झाले ९७६ यार्ड आणि टचडाउन फक्त चार. ज्यांनी त्याला पहिल्या फेरीत घेतलं होतं ते दर रविवारी दातओठ खात होते. पुढच्या वर्षी प्रशिक्षक बदलले, चेंडू ३०४ वेळा मिळाला, १४५६ यार्ड, १४ टचडाउन. आता सरासरी काढ. पहिल्या वर्षी एका वेळेला साधारण ४.६ यार्ड, दुसऱ्या वर्षी ४.८. म्हणजे मुलगा होता तसाच होता. चौदा टचडाउन आले ते त्याला दिलेल्या कामातून.

उलट टोकाला कायरन विल्यम्स. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या रॅम्सनी पाचव्या फेरीत घेतला. चाळीस यार्ड पळायला त्याला ४.६५ सेकंद लागले, रनिंग बॅकच्या मानाने हे मंदच. हेंडरसनला लागले ४.४३. पण २०२३ मध्ये रॅम्सनी विल्यम्सला बारा सामन्यांत २२८ वेळा चेंडू दिला, आणि त्याने ११४४ यार्ड, १२ टचडाउन काढून दाखवले. तुझ्या लीगमधल्या कोणाला तो त्या वर्षी फुकटात मिळाला असेल, विचार बघ, अजून सांगत असेल.

हा हिशोब हेंडरसनला लावू. धर, त्याला सामन्यात दहा वेळा चेंडू मिळाला आणि साडेचारची सरासरी राखली: ४५ यार्ड, साडेचार गुण. तीन पास झेलले, चोवीस यार्ड: त्याचे दीड अधिक २.४. बेरीज ८.४. तेच पाय, तीच सरासरी, पण सोळा वेळा चेंडू मिळाला तर एकूण ११.१. बारा जणांच्या लीगमध्ये दुसऱ्या रनिंग बॅककडून मी टचडाउन धरण्याआधीच दहा-अकराची अपेक्षा ठेवते. म्हणजे तुझा अख्खा प्रश्न दहा की सोळा एवढ्यावर उभा आहे.

तर दहा की सोळा? कॉलेजात त्याला सवय कशाची होती ते आधी बघ. २०२४ चा ओहायो स्टेटचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला, सोळा सामने खेळला. त्यात हेंडरसनला १४४ वेळा चेंडू मिळाला, म्हणजे सामन्याला नऊ. जोडीदार क्विन्शॉन जडकिन्सला १९४ वेळा. हेंडरसनची सरासरी सात यार्डांच्या वर होती, टेक्ससविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मध्यंतराच्या तोंडावर एक छोटा पास घेऊन तो ७५ यार्ड पळाला ते तू पाहिलं असशीलच. पण पंचवीस-तीस वेळा मार खाऊन चौथ्या क्वार्टरला पुन्हा उभं राहण्याचं काम त्याच्याकडे नव्हतं. यात वाईट काही नाही, पाय ताजे आहेत. फक्त तो दिवसभर नांगराला जुंपलेला बैल नाही, शर्यतीचा आहे, हे माहीत असू दे. (सांगलीच्या माणसाला हे मी काय समजावणार.)

आता त्याच्या बाजूचा खरा मुद्दा, आणि तुझ्या पत्रात नेमका हाच नाही. हेंडरसन ब्लॉक करतो.

हे कंटाळवाणं वाटेल, पण नव्या रनिंग बॅकचं नशीब इथेच ठरतं. तिसरा डाउन, अजून आठ यार्ड हवे आहेत. पास जाणार हे स्टेडियममधल्या गरम पाव विकणाऱ्यालाही माहीत असतं. समोरून पाच-सहा जण क्वार्टरबॅकवर तुटून पडतात. क्वार्टरबॅकपुढे उभ्या लाइनमधल्या पाच जणांना प्रत्येकी एक धरता येतो, सहावा सुटतो. त्या सुटलेल्या अडीचशे पौंडांच्या लाइनबॅकरच्या छातीवर जाऊन आदळणं हे रनिंग बॅकचं काम. तेही कोण सुटणार हे चेंडू हलायच्या आधी ओळखून, चूक न करता. कॉलेजात हे फारसं कोणी शिकवत नाही. म्हणून अनेक गुणी पोरं तिसऱ्या डाउनला बाहेर बसतात आणि लोक विचारतात, अरे एवढा पळतो, मग खेळवत का नाहीत? कारण पेट्रियट्सचं सगळं भविष्य ड्रेक मे नावाच्या बावीस वर्षांच्या मुलाच्या उजव्या खांद्यात आहे, २०२४ चा तिसरा खेळाडू, आणि त्या खांद्यावर कोणी आदळलं तर ज्याने अडवायचं होतं तो मुलगा पुढचे तीन आठवडे पाणी वाटत बसेल.

यंदा ड्राफ्टमध्ये आलेल्या रनिंग बॅकमध्ये हेंडरसन या कामात फार वरचा मानला जातो. दोनशे पौंडांचा असून मागे हटत नाही. त्यामुळे तिसरा डाउन त्याला लवकर मिळेल असा माझा कयास आहे, आणि तिसरा डाउन मिळाला की क्वार्टरबॅकला कोणी सापडलं नाही तर शेवटी टाकायचे ते छोटे पासही त्यालाच मिळतील. तुमच्या लीगमध्ये त्या प्रत्येकाला अर्धा गुण जास्त. ते १०० यार्ड विसर आणि हे लक्षात ठेव. मला विचारशील तर तो घेण्यासारखा आहे तो या कारणासाठी.

आणि समोर कोण आहे? रमॉन्ड्रे स्टीव्हनसन. सहा फूट, सव्वादोनशे पौंड. गेल्या वर्षी २०७ वेळा चेंडू, ८०१ यार्ड, सात टचडाउन. आणि सात वेळा चेंडू हातातून सुटला. फॉक्सबरोच्या पार्किंगमध्ये लोक त्याला याच एका गोष्टीसाठी शिव्या घालतात, मला माहीत आहे. पण २०२४ च्या उन्हाळ्यात संघाने त्याच्याशी चार वर्षांचा, ३ कोटी ६० लाख डॉलरचा करार वाढवला आहे. हा करार आधीच्या व्यवस्थापनाच्या काळातला नाही, तेच लोक बरेचसे अजून तिथे आहेत. एवढे पैसे मोजलेला माणूस कोणी पहिल्या महिन्यात कोपऱ्यात बसवत नाही. शिवाय टचडाउनपासून दोन यार्डांवर असताना तू प्रशिक्षक असशील तर दोनशे पौंडांच्या मुलाला घुसवशील की सव्वादोनशेच्या? ते स्वस्तातले सहा गुण सुरुवातीला तरी स्टीव्हनसनचे आहेत.

प्रशिक्षकांचं म्हणशील, तर इथे मला खरी गंमत वाटते. पेट्रियट्स म्हटलं की फँटसीतले जुनेजाणते लगेच हात जोडतात: इथे रनिंग बॅकवर विश्वास ठेवू नये. त्याला कारण जोनास ग्रे. नोव्हेंबर २०१४, रविवारची रात्र, इंडियानापोलिस. कोणाला नावही माहीत नसलेल्या या माणसाला ३७ वेळा चेंडू दिला, त्याने २०१ यार्ड आणि चार टचडाउन काढले. सोमवारी सगळ्या देशात फँटसीवाल्यांची त्याच्यासाठी झोंबाझोंबी. शुक्रवारी तो झोपून राहिला, सरावाला उशिरा पोचला. पुढच्या रविवारी डेट्रॉइटविरुद्ध एक स्नॅपही, म्हणजे एकही डाव, मिळाला नाही, आणि त्याच आठवड्यात परत घेतलेल्या लेगॅरेट ब्लाउंटने दोन टचडाउन केले. तेव्हा आक्रमणाची सूत्रं जॉश मॅकडॅनियल्सकडे होती, आणि यंदा तो पुन्हा त्याच खुर्चीत आला आहे. म्हणून लोक घाबरतात.

पण याच मॅकडॅनियल्सने २०२२ मध्ये लास व्हेगासला मुख्य प्रशिक्षक असताना जॉश जेकब्सला ३४० वेळा चेंडू दिला. १६५३ यार्ड, लीगमध्ये सगळ्यात जास्त. म्हणजे वाटणी करणं हे त्याचं व्रत नाही. जेकब्ससारखा माणूस असेल तर तो त्याला देतो, नसेल तर चार जणांत वाटतो.

मुख्य प्रशिक्षक माइक व्रेबल. यांची गोष्ट तर तुझ्यासाठीच आहे. २०१८, टेनेसी, व्रेबल यांचं पहिलं वर्ष. त्यांच्याकडे डेरिक हेन्री होता, दुसऱ्या फेरीतला, तिसऱ्या वर्षात पोचलेला, आणि कामाची वाटणी डिऑन लुईसबरोबर. पहिल्या बारा सामन्यांत हेन्रीचे मिळून ४७४ यार्ड. तेव्हा मला एका भाचीने फोन करून विचारलं होतं, मावशी, याला सोडून देऊ का? मी म्हटलं, सोड. डिसेंबरच्या ६ तारखेला, गुरुवारी रात्री, हेन्रीने जॅक्सनव्हिलविरुद्ध २३८ यार्ड काढले, चार टचडाउन, त्यातला एक ९९ यार्डांचा. शेवटच्या चार सामन्यांत ५८५. २०२० मध्ये त्याच व्रेबल यांनी त्याला ३७८ वेळा चेंडू दिला आणि त्याने दोन हजारांचा टप्पा ओलांडला. भाची अजून लग्नाकार्यात हा विषय काढते. चूक माझी होती, मी पहिल्या बारा आठवड्यांचे यार्ड बघत होते. बघायचं होतं ते हे, की डिसेंबर येईपर्यंत संघाला कोणाची गरज पडणार.

हेंडरसन म्हणजे हेन्री नव्हे, अंगापिंडाने तर अजिबात नाही. पण या प्रशिक्षकांच्या हाताखाली नवी गोष्ट हळूहळू येते आणि येते तेव्हा जोरात येते, एवढं मी त्यातून घेते. टँपा बेच्या बकी अर्व्हिंगचं गेल्या वर्षी असंच झालं. चौथ्या फेरीतला, सुरुवातीला रशाद व्हाइटच्या मागे उभा, हंगाम संपला तेव्हा ११२२ यार्ड. सप्टेंबरमध्ये ज्यांनी त्याला दुसरा रनिंग बॅक म्हणून रोज खेळवला ते वैतागले, ज्यांनी बेंचवर ठेवून वाट पाहिली ते जिंकले.

म्हणजे तुझ्या एका प्रश्नाचे दोन प्रश्न होतात. घेऊ का? घे. पहिल्या रविवारपासून खेळवू का? नको.

आता किती किमतीला, ते. बारा जण, तुझा नंबर सातवा, म्हणजे उलटसुलट क्रमाने तुझ्या पाळ्या येणार ७, १८, ३१, ४२, ५५. चौथी फेरी म्हणजे ४२ वा. तिथे मी एखादा पक्का रिसीव्हर घेईन, ज्याला दर आठवड्याला आठ-नऊ पास जातात असा. हेंडरसन ५५ ला उरला तर डोळे झाकून घे. पण त्याआधी, ७, १८ किंवा ३१ मध्ये, एक रनिंग बॅक असा हवा की ज्याच्या कामाबद्दल वाद नाही, आणि दुसरा साधा, कंटाळवाणा, पण चौदा-पंधरा वेळा चेंडू मिळणारा. हेंडरसन तिसरा. तिसरा असेल तरच तुला धीर धरता येईल. दुसरा केलास की पहिल्या वाईट रविवारी तू त्याला विकून टाकशील, मी तुला ओळखते, माझ्याकडे अशी वीस पत्रं येतात.

५५ पर्यंत उरेल का? इथे तुझी एक अडचण आहे जी ओहायोतल्या किंवा टेक्ससमधल्या माणसाला नाही. तुझं ऑफिस फ्रॅमिंगहॅमला आहे. फॉक्सबरो अर्ध्या तासावर. त्या बारा जणांतले किमान आठ जण पेट्रियट्सवाले असणार, आणि त्यांनीही ते १०० यार्ड पाहिलेत. घरच्या संघाचा खेळाडू घरच्या गावात नेहमी महाग मिळतो, देवगडचा हापूस देवगडात स्वस्त मिळतो तसा हा मामला नाही. ऑफिसात कॉफीच्या वेळी हेंडरसनचं नाव काढू नकोस. मुलाने त्याची जर्सी मागितली असेल तर ती २ सप्टेंबरनंतर घे.

आणि कोणी तिसऱ्या-चौथ्या फेरीत उचललाच, तर जाऊ दे. हळहळू नकोस. हंगामाच्या पहिल्या चार आठवड्यांत त्याचे गुण पाच, नऊ, तीन असे येण्याची शक्यता बरीच आहे, आणि ज्याने भरपूर किंमत मोजली तो तिसऱ्या आठवड्यापर्यंत खवळलेला असेल. यंदा दसरा २ ऑक्टोबरला आहे, पाचवा आठवडा त्याच दिवशी सुरू होतो. सोनं देताना विचार: हेंडरसन द्यायचा का रे?

समजा तुझ्याकडेच आला. पहिला सामना ७ सप्टेंबरला, घरच्या मैदानावर, लास व्हेगासविरुद्ध. समोर अ‍ॅश्टन जेंटी असेल, यंदाचा सहावा खेळाडू, बॉइझी स्टेटचा, कॉलेजात एका हंगामात २६०१ यार्ड काढलेला. त्या दिवशी दोघांना बघ, म्हणजे फरक आपोआप कळेल: ज्याला पहिल्या दिवसापासून सगळं काम दिलंय तो आणि ज्याला अर्धं दिलंय तो. हेंडरसनला बेंचवर ठेव, फार तर फ्लेक्सच्या (रनिंग बॅक किंवा रिसीव्हर कोणीही चालेल अशा) जागी दुसरं कोणीच नसेल तर खेळव. सोमवारी सकाळी गुण बघू नकोस. वहीत एवढंच लिही की पहिल्या तीन क्वार्टरला त्याला किती वेळा चेंडू मिळाला, तिसऱ्या डाउनला मैदानात कोण होतं, आणि पाच यार्डांच्या आत आल्यावर कोण आलं. चौथा क्वार्टर मुद्दाम सोडते, कारण संघ वीस गुणांनी मागे पडला की सगळेच आकडे खोटं बोलतात, आणि गेल्या वर्षी ४-१३ ला संपलेला संघ अधूनमधून मागे पडणारच. लाइन सुधारली आहे, ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकाला विल कॅम्पबेल आणलाय डावीकडे, पण नव्या लाइनला एकमेकांची भाषा कळायला महिना जातो.

सलग दोन आठवडे पहिल्या तीन क्वार्टरला स्टीव्हनसनपेक्षा हेंडरसनला जास्त वेळा चेंडू मिळाला की तिसऱ्या आठवड्यापासून खेळव, आणि मग बाहेर काढू नकोस. स्टीव्हनसन दुखावला तर त्याच रविवारी. त्याच्या हातून चेंडू सुटला तर मात्र घाई नको, एका फंबलने माणूस बसत नाही, सलग दोन सामन्यांत झालं तर बसतो. स्टीव्हनसनलाही घेऊन ठेवू का, असं तू विचारणारच आहेस. दहाव्या फेरीनंतर पडलेला दिसला तर घे. दोघांना एकाच रविवारी खेळवलंस तर मात्र मला पत्र लिहू नकोस.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: पेट्रियट्सचा सुट्टीचा आठवडा यंदा चौदावा आहे, म्हणजे फारच उशिरा. बहुतेक लीगमध्ये पंधराव्यापासून बाद फेरी. वर जायचं की जेट्सची जर्सी घालायची हे ज्या रविवारी ठरेल त्या रविवारी हेंडरसन घरी बसलेला असेल. त्यामुळे थँक्सगिव्हिंगच्या आसपास एक जास्तीचा रनिंग बॅक उचलून ठेव. मी माझ्या पहिल्या वर्षी सुट्टीवर असलेला खेळाडू खेळवला, त्याचे शून्य गुण पडले आणि हरले होते, नवरा अजून त्यावरून चिडवतो.

राहता राहिली गौर. १ तारखेला अमेरिकेतल्या कामगार दिनाची सुट्टी आहे, त्यामुळे दिवसभर तू घरात हाताशी असशील हे तिने धरलेलंच असेल. दुपारचा नैवेद्य, पुरण वाटणं, आरती, यातलं काही टाळू नकोस. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येतील तेव्हा हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसायचं नाही, खाली बेसमेंटमध्ये जा. आदल्या रात्रीच तीस-चाळीस नावांची यादी क्रमाने भरून ठेव, नाहीतर वर कोणी हाक मारली नि तू दोन मिनिटं उठलास की यंत्र तुझ्या नावावर एखादा किकर घेऊन मोकळं होईल. आणि ४२ वा नंबर आला, हेंडरसन अजून उरलेला दिसला, हात शिवशिवायला लागला, तर बटण दाबायच्या आधी वर जाऊन बायकोला एकदा विचार.

— काकू